सळसळीवरचा बार

पंचवटीतलं अरण्य आता नावांत उरलं आहे. तपोवनाच्या वाटेवर रिक्षा उभ्या असतात, सीतागुंफेजवळचे वड गर्दीतून शोधून मोजावे लागतात, आणि दंडक कुठून कुठपर्यंत पसरलेलं होतं हे कुणाला हात करून दाखवता येत नाही. तरी पौषातल्या पहाटे गोदेवर धुकं इतकं खाली टेकतं की रामकुंडावरच्या दिव्यांचे नुसते पिवळट गोळे उरतात, पायऱ्यांवरून ओल्या लुगड्यांचे आवाज येतात पण बायका दिसत नाहीत, आणि मग कुठूनशी उन्हाची पहिली तिरीप येऊन कुणाच्या तरी तांब्याच्या काठावर आपटते, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी सोनेरी उडी मारून गेल्याचा भास होतो. मान आपोआप वळते. पाऊलही.

या गावाची सर्वांत जुनी गोष्ट शिकारीची आहे.

सीतेची हौस, रावणाचं कपट, रामाचा विरह, अशी ती आपण ऐकत आलो. मला मात्र अलीकडे तिच्यातलं रान जास्त ऐकू येतं. अरण्यकांडात लक्ष्मण आधीच सांगून ठेवतो की हे हरीण नव्हे, हा मारीच आहे. असं रत्नांच्या ठिपक्यांचं हरीण पृथ्वीवर नसतं. म्हणजे इशारा मिळालेला होता. शेजारी उभ्या असलेल्या, शुद्धीवर असलेल्या, रान ओळखणाऱ्या माणसानं दिलेला होता. पण समोर ते झुडपाआड होत होतं, पुन्हा दिसत होतं, एकदा हाताच्या अंतरावर तर एकदा पार टेकडीच्या उतारावर, आणि त्या लपाछपीला जी ओढ असते तिच्यापुढे शहाणपणाचा आवाज नेहमीच थोडा बारीक पडतो. मग बाण सुटला. नेम अचूक होता. मृग पडलं. पण मागे पर्णकुटीत जे राखायचं होतं, ते त्या अचूक नेमानंच उघडं पडलं.

ही शिकार गोदेच्या काठाकाठानं पसरलेली आहे. नाशिकहून नदी खाली निफाड तालुक्यात उतरते, तिथे नांदूर मध्यमेश्वराला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामानं इथूनच बाण सोडला असं तिथली माणसं सांगतात. आणखी कितीतरी खाली, प्रवरेच्या संगमाजवळ कायगाव-टोक्याला, मृगाची काया पडली असं तिथले सांगतात. गावोगावच्या लोकांनी त्या एका बाणाची वाट आपापल्या अंगणातून नेली आहे. सुटलेल्या बाणांना गावं मिळतात, देवळं मिळतात. भात्यात राहिलेल्यांना काही मिळत नाही.

नांदूर मध्यमेश्वरला मी लहानपणापासून जाते, कारण माझं आजोळ त्याच काठाचं. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला, मागे पाणी थबकलं, गाळ साठला, गाळावर पाणकणसं आणि लव्हाळे उगवले, आणि हिवाळ्यात त्या उथळ पाण्यावर साऱ्या उत्तरेचं आभाळ येऊन बसू लागलं. चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटे उभं राहिलं की आधी नुसता आवाज येतो, हजारो कंठांची एक ओलसर कुजबुज, मग धुक्याचा पडदा विरत जातो आणि त्यामागे काळे वारकरी, लांब शेपटीची तलवार बदकं, चमचे, शराटी, कधी रोहितांची फिकट गुलाबी रेघ असं एकेक उमटत जातं. वर भोवत्या एक गिरकी घेतो आणि सगळं पाणी एकदम उडतं. 1986 मध्ये हे अभयारण्य झालं. 2020 मध्ये रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. पण त्याआधी इथे बार होत. थंडीत पहाटे बार, संध्याकाळी बार. आईला त्यांचा आवाज आठवतो. ती म्हणते, बार झाला की पाखरं उडत आणि घरातली म्हातारी माणसं उगाच आपापली पोरं मोजत.

बाराचा आवाज विरतो. छर्रे तळाशी राहतात. बदकं दाणा भरडण्यासाठी पोटात बारीक खडे घेतात, आणि चिखलातला शिशाचा छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. तो गिळलेलं पाखरू दिवसेंदिवस खंगत जातं, पंख खाली सोडतं, उडायचं विसरतं. ज्यानं बार काढला तो तोवर घरी पोचलेला असतो, जेवलेला असतो, कदाचित म्हातारा होऊन गेलेलाही असतो. अमेरिकेनं 1991 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं वापरायला बंदी घातली ती याच कारणानं. चुकलेला नेमसुद्धा मारतो, आणि तो कुणाला, केव्हा, हे चाप ओढणाऱ्याला कधीच कळत नाही.

आजोळी शेजारच्या वाड्यात एक आबा होते. आमच्या नात्याचे नव्हेत, पण साऱ्या आळीचे आबा. त्यांच्या ओसरीत खुंटीवर ठासणीची बंदूक असायची. तिचा दस्ता हातांच्या तेलानं काळाभोर झालेला, नळी थंड, आणि जवळ गेलं की एक वास, जळका, खारट, थोडासा पावसाळी विजेसारखा. आम्हा पोरांना ती हात लावू देत नसत. लावू देत नसत म्हणजे ओरडत नसत. नुसते आपला तळवा नळीच्या तोंडावर धरत आणि म्हणत, ‘‘हिला डोळे नाहीत. हिच्या वाटचं आपण बघायचं.’’

बंदुकीच्या बाबतीत माणसं काय काय करतात ते मी आबांकडूनच ऐकलं. भरलेली बंदूक घोडा चढवून खांद्यावर टाकून चालणारे. काटेरी कुंपण ओलांडताना ती नळीकडून धरून पलीकडच्याला देणारे. चारीत पाय घसरला म्हणून दस्ता पुढे करून दोस्ताला वर ओढणारे, म्हणजे नळी आपल्याच छातीकडे. बार फुटला नाही, केप नुसती चुटकली, तर लगेच नळीत डोकावून पाहणारे. दारू ठासताना अंदाजानं एक मूठ आणखी घालणारे, कारण जनावर मोठं आहे. आणि पोटात हातभट्टीची घालून रात्री उसाच्या कडेनं बसणारे. आबा हे सांगताना हसत नसत. ज्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती अशा एका गृहस्थाचं नाव घ्यायचं टाळून ते म्हणत, ‘‘बरा होता नेमाला.’’

पण मला सांगायची आहे ती त्यांची दुसरी गोष्ट. ती आबा स्वतः सांगत नसत. दुसरे सांगत, आणि हसत सांगत. कुठल्याशा साली डुकरांनी भुईमुगाचे वाफेच्या वाफे उकरले तेव्हा गावानं हाका काढला. माणसं डबे बडवत, आरोळ्या देत उसाच्या तीन बाजूंनी शिरली आणि चौथ्या बाजूला, ओढ्याच्या तोंडाशी, आबा बसले. दिवस कलता. ऊस तुरा आलेला, उन्हात तुरे रुपेरी, खाली पाचटाचा जाड थर, आणि त्या थरातून काहीतरी सरळ त्यांच्याकडे येत होतं, जड, घाईचं, पाचट मोडत येणारं. हाकेवाले ओरडत होते. हाण, हाण, आला, हाण! पातं हललं. दुसरं हललं. आबांनी घोडा चढवला, दस्ता गालाला लावला, आणि थांबले.

उसातून वाढ्यांचा भारा बाहेर आला. त्याखाली एक बाई होती.

ती गुरांसाठी वाढे वेचायला शिरली होती, हाका सुरू झाल्यावर घाबरून पळत सुटली होती. डुक्कर केव्हाच दुसऱ्या अंगानं निसटलं. गावात त्या रात्री डुकराचं मटण शिजायचं होतं ते शिजलं नाही, आणि लोक म्हणाले, आबा भ्याले. हातापायाला कापरं भरलं म्हातारपणी, म्हणून बार निघाला नाही. पुढे कितीतरी वर्षं, लग्नाच्या पंगतीत, चावडीवर, आबा दिसले की कुणीतरी ओरडायचं, हाण आबा, हाण! आणि सगळे हसायचे. ती बाईसुद्धा हसायची, असं आई सांगते. आबा पान लावत राहायचे.

त्या हसण्याविषयी मी फार विचार केला आहे. रानातला धोका बंदुकीच्या नळीत असतो तेवढाच तो मागे उभ्या असलेल्या चार माणसांच्या घशात असतो. एकटा माणूस सळसळ ऐकून थांबतो. चौघांत तोच माणूस थांबायला लाजतो. काहीतरी घडावं म्हणून सगळे दिवसभर उपाशी चाललेले असतात, काट्यांनी पोटऱ्या फाटलेल्या असतात, घरी बायकोला सांगून आलेले असतात, आणि मग जे दिसत नाही ते डोळे आपल्या मनानं पुरं करतात. पानांच्या फटीतल्या तपकिरी सावलीला कान फुटतात, सुळे फुटतात, पाठीवर राठ केस उभे राहतात. आधी इच्छा बघते. मग डोळा तिच्या मागून जातो.

आपल्या पुराणांना हे पक्कं ठाऊक होतं. दशरथानं पावसाळ्याच्या दिवसांत, अंधारात, शरयूच्या पाण्यात बुडबुडणारी घागर ऐकली आणि त्याला हत्ती पाणी पितोय असं वाटलं. आवाजावर बाण मारता येतो याचा त्याला तरुणपणी अभिमान होता. पंडूनं हरिणांची जोडी पाहिली आणि किंदम ऋषीला मारलं. प्रभासच्या रानात जरा नावाच्या व्याधानं झाडाखाली टेकलेल्या पावलाला हरीण मानलं आणि एक युग तिथे संपलं. इतक्या मोठ्या ग्रंथांच्या सांध्यासांध्यात ही एकच चूक बसवलेली आहे, न ओळखता सोडलेला बाण, आणि तरी ती आपण शाप म्हणून वाचतो, प्रारब्ध म्हणून वाचतो. मला ती सूचना वाटते. रानाच्या वेशीवर टांगायला हवी अशी, साधी, रोजच्या कामाची.

कारण श्रावणबाळ अजून मरतो आहे. 2025 च्या जानेवारीअखेरीस नाशिकला लागूनच असलेल्या पालघर जिल्ह्यात, मनोरकडच्या बोरशेतीच्या जंगलात, काही गावकरी रानडुकराच्या मागावर गेले. सोबतचाच एक जण डुक्कर समजून टिपला गेला. भेदरलेल्या साथीदारांनी देह झुडपांत लपवला आणि तो पोलिसांना सापडेपर्यंत दिवस गेले. ती बातमी वाचली तेव्हा मला एक बारीकशी गोष्ट आठवत राहिली. रात्री बॅटरीचा झोत टाकला तर बिबट्याचे, गाईचे, शेळीचे, कुत्र्याचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा थर असतो. माणसाच्या डोळ्यांत तो नसतो. आणि डुकराच्याही नसतो. काळोखात दोघंही सारखेच विझलेले, दोघांचंही पाऊल पाचोळ्यात सारखंच जड वाजतं. त्या रानात उजेडानं सांगण्यासारखं काही नव्हतंच. सांगू शकला असता तो फक्त एक प्रश्न, मोठ्यानं विचारलेला. कोण आहे?

हे अडाण्यांचं, गरिबांचं, चोरटं काम आहे असं समजून मान फिरवणाऱ्यांसाठी मी टेक्सासचा तो दिवस सांगते. 11 फेब्रुवारी 2006. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी लाव्यांच्या शिकारीला गेले होते. उत्तम बंदुका, मोकळं माळरान, मदतीला माणसं. थवा उडाला, चेनी एका पाखरामागे नळी वळवत गेले, मावळतीचा सूर्य डोळ्यांवर आला आणि छर्रे हॅरी व्हिटिंग्टन या त्यांच्याच अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सोबत्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर बसले. ते वाचले. तिकडे शिकारी अंगात भडक नारिंगी जाकीट घालतात. हरणाला तो रंग वेगळा कळत नाही, माणसाला मात्र दुरून दिसतो. त्या संध्याकाळी नारिंगी रंगही उन्हात विरघळला असेल. पाखराच्या मागे नळी फिरत जाते तेव्हा जग त्या पाखराएवढं होतं, आणि बाकी सगळं, झाड, घर, मित्र, त्याच्या कडेला वितळून जातं.

आता शिकार गुन्हा आहे. मुंबई राज्याचा 1951 चा कायदा होता, मग 1972 मध्ये देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. बंदुका खुंटीवरून उतरल्या. पण हाका थांबला नाही.

25 जानेवारी 2019. नाशिकात सावरकरनगरला, गंगापूर रस्त्यालगतच्या बंगल्यांच्या वस्तीत, सकाळी बिबट्या आला. दारणा-कादवेच्या, गोदेच्या खोऱ्यात मैलोगणती ऊस. त्या उसात बिबट्याच्या कित्येक पिढ्या जन्मल्या. उसाला ते रान समजतात आणि त्यात त्यांची चूकही नाही. वनखात्याची माणसं जाळी आणि भुलीची बंदूक घेऊन येईतो गल्ली माणसांनी भरून गेली. गच्चीवर माणसं, भिंतीवर माणसं, लहान पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, हातात उंच धरलेले मोबाइल, आणि तोच आवाज, आला रे आला! जखमी झालेल्यांत एक नगरसेवक होते, बातमीसाठी धावलेले पत्रकार होते. 17 नोव्हेंबर 2023 ला तर एकाच दिवशी दोन बिबटे, एक सिडकोत सावतानगरला, एक गोविंदनगरला, आणि पुन्हा गल्लीगल्लीत माणसांचा तोच पूर.

ती दृश्यं मी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिली. बिबट्या भिंतीच्या कडेनं अंग चोरून पळतो, एका फाटकाखालून शिरतो, दुसऱ्या अंगणातून उडी घेतो, आणि जिथे जिथे त्याला निसटायला मोकळी फट दिसते तिथे तिथे माणसं येऊन उभी राहतात. त्याला वाट हवी होती. नुसती वाट. आणि आपण, ज्यांच्या हातात साधी काठीही नव्हती, आपण त्याच्यासमोर तिन्ही बाजूंनी हाकेवाले होऊन चौथी बाजूही बंद करत होतो. भुलीचं औषध लगेच चढत नाही. तेवढी मिनिटं जनावर घाबरलेलं, दुखावलेलं आणि पूर्ण जागं असतं. त्या मिनिटांत शांतता लागते. ती मिनिटंच आपण गोंगाटानं भरून टाकतो. बंदूक गेली, मचाण गेलं, पण समोरचा जीव चौकटीत धरावा आणि नंतर चारचौघांत दाखवावा ही तहान तशीच राहिली. नांदूरला कुणी रोहित उडावेत म्हणून खडे भिरकावतो, उडतानाचा फोटो हवा असतो, तेव्हा दूर सैबेरिया-लडाखकडून आलेली बदकंही त्यांच्याबरोबर उठतात आणि खायच्या वेळचं बळ उडण्यात घालवतात. मला राग येतो. खरा राग येतो, आणि तो मी गिळत नाही. मनोऱ्यावरून खाली उतरून बोलते.

विजेच्या तारांबद्दल आणि गावठी बॉम्बबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात पुरलेला स्फोट चरणाऱ्या गाईच्या तोंडात होतो. डुकरासाठी बांधावर सोडलेली उघडी तार पहाटे पाणी धरायला गेलेल्या शेतकऱ्याच्या पायाला लागते. ती शिकार करणारा तर तिथे हजरही नसतो. घोडा चढवून थांबायची संधीसुद्धा तो कुणाला ठेवत नाही.

आणि तरी याच जिल्ह्यात थांबणारी माणसंही आहेत. पश्चिमेच्या डोंगरांत, पेठ-सुरगाण्याकडे, दिवाळीच्या तोंडाला वाघबारस करतात. वाघदेवाच्या लाकडी पाटासमोर नारळ फोडून गुरांची राखण मागतात. ज्याला भ्यायचं त्याच्याशीच बोलून ठेवायची ही रीत मला फार शहाणी वाटते. आणि खाली, उसाच्या मुलखात, तोडीच्या दिवसांत दरवर्षी केव्हातरी असं होतं की कोयता पाचटात जातो आणि हात जागीच थबकतो. पाचटाच्या उबेत बिबट्याची पिल्लं असतात, डोळेही धड न उघडलेली, मुठीएवढी. टोळीतली बाई ओरडून पोरांना मागे ओढते. मुकादम फोन लावतो. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासतात, क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी आणून ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळ्यांना लांब जायला सांगतात. बहुतेक वेळा आई रात्रीतून येते आणि एकेकाला मानगुटीला धरून नेते.

एवढं वाचताना सोपं वाटतं. पण टोळीला मजुरी टनावर मिळते. मराठवाड्यातून, खानदेशातून बैलगाड्या घेऊन आलेली ही माणसं उचल घेऊन आलेली असतात, ती फेडायची असते, आणि तोड थांबली की त्या दिवसाचं त्यांना कुणी काही देत नाही. त्यांच्या कोप्या त्याच फडाच्या कडेला, पाचटाच्याच भिंतींच्या, दाराला नुसतं पोतं. आत तान्ही मुलं. आई बिबटी त्या रात्री तिथूनच येणार हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरी ते काठ्या घेऊन फडात शिरत नाहीत, पाचट पेटवून देत नाहीत. चुली लवकर विझवतात, पोरांना मध्ये निजवतात, बैल कोपीला लागून बांधतात आणि जागे राहतात.

अशा एका फडावर सकाळी गेले होते. क्रेट रिकामा होता. मी मुकादमाला विचारलं, रात्री भीती नाही वाटली? तो बैलांना पाणी दाखवत होता. म्हणाला, ‘‘वाटली ना, ताई. पण तिची पोरं, ती नेणार. आपण मधी कशाला पडायचं?’’ मग त्याने टोळीला हाक दिली, कालचा दिवस भरून काढायचा होता, आणि दुपार व्हायच्या आत मोळ्यांनी भरलेली पहिली गाडी कारखान्याच्या वाटेला लागली.